जमिनीला लावलेला हात

बालाजीचा फोन आला तेव्हा मी शेवग्याच्या शेंगा सोलत होते. "बाई, सर गेले," एवढंच तो म्हणाला. मी विचारलं, कधी? तर म्हणाला, "सकाळी. चहा मागितला, आणि चहा यायच्या आतच." बालाजी, आमचा जुना विद्यार्थी, तसाही कमी बोलणारा.

सर म्हणजे आमचे सोनकांबळे सर. नांदेडच्या ज्या शाळेत मी जन्मभर भूगोल शिकवला, तिथे ते खेळाचे शिक्षक होते. मला पहिल्यांदा रागच आला त्यांचा. सांगून जायची पद्धत या माणसाला कधी नव्हतीच. शाळेच्या सहलीत चालत्या गप्पांमधून उठून बसमधून उतरायचे आणि आम्ही त्यांना हुडकत बसायचो. राग ओसरल्यावर मग रडू आलं. शेंगा तशाच पडून राहिल्या.

सरांची आणि माझी ओळख एका शब्दाने झाली. मी शाळेत नवीनच लागले होते. नववीचा माझा तास मैदानाकडच्या खोलीत असायचा. मी फळ्यावर गोदावरीच्या उपनद्या काढत होते आणि बाहेर क्रिकेटचा कालवा चाललेला. एकदम तो कालवा असा थांबला की मला वाटलं, कुणाला तरी लागलं. खिडकीतून पाहिलं, तर बॅट धरलेला एक मुलगा लांब उभ्या असलेल्या दुसऱ्याला विचारत होता, "इमान?" त्या दुसऱ्याने वाकून उजवा हात जमिनीला लावला आणि म्हणाला, "इमान." झालं. बॅटवाला बॅट काखेत मारून चालू लागला. ना भांडण, ना कांगावा. माझ्या वर्गात एका पट्टीवरून एकमेकांची डोकी फोडणारी हीच पोरं, बाहेर एका शब्दावर आऊट होऊन निमूट निघून जात होती.

आणि या सगळ्याचे गुरुजी? ते लिंबाखाली घमेलं पालथं घालून त्यावर बसले होते, शेंगदाणे खात, मैदानाकडे पाठ करून.

मधल्या सुट्टीत मी त्यांना गाठलं. म्हटलं, "सर, पोरं खेळतात आणि तुम्ही भिंतीकडे बघत बसता. पगार कशाचा घेता?" नवीन असूनही जीभ माझी पहिल्यापासूनच अशी. सर हसले. म्हणाले, "मी बघत बसलो तर पोरं माझ्याकडं बघून खरं बोलतील, बाई. मग ते खरं माझं झालं. त्यांचं न्हाई."

सर उंच, काळेसावळे, केसांना खोबरेल लावून मागे बसवलेले. पांढरी पँट रोज इस्त्रीची आणि रोज गुडघ्यावर मुरुमाचे तांबडे डाग. गळ्यात शिट्टी असायची, पण ती वाजलेली मी कधी ऐकली नाही. क्रिकेट मला आजही कळत नाही. सरांनी समजावून सांगायचा प्रयत्न केला होता, पण तो समुद्राच्या भरती-ओहोटीसारखा तासन् तास चालणारा खेळ आहे, एवढंच माझ्या लक्षात राहिलं. त्यांच्या मैदानावरचा कायदा मात्र मला पाठ झाला. झेल घेतला की नाही, हे अंपायर सांगणार नाही. ज्याने घेतला तो सांगणार. बॅटवाल्याने विचारायचं, "इमान?" झेल खरा असेल तर जमिनीला हात लावून "इमान" म्हणायचं, टप्पा पडला असेल तर "न्हाई" म्हणायचं. जमिनीला हात लागला की पुढे काही विचारायचं नाही.

"आणि कुणी खोटंच बोललं तर? शिक्षा काय?" मी विचारलं.

"शिक्षा कशाची?"

"म्हणजे कुंपणच नाही म्हणा की."

"कुंपण घातलं की ढोरं कुंपणच बघत बसतात, बाई. चरायचं इसरतात."

परीक्षेच्या हॉलवर सरांची नेमणूक झाली की मुख्याध्यापकांचा रक्तदाब वाढायचा. सर पेपर वाटायचे आणि मुलांकडे पाठ करून खिडकीत उभे राहायचे. आमच्याकडे कॉपी हा काय प्रकार आहे ते मी सांगायला नको. भिंतीवर चढून भाच्याला चिठ्ठ्या पोचवणारे मामा आम्ही या डोळ्यांनी पाहिलेत. अशा मुलखात हा माणूस पाठ फिरवून उभा. मग त्यांच्या हॉलमध्ये कॉपी व्हायची का? व्हायची की! खोटं कशाला सांगू. पण एकदा पेपर संपल्यावर एका पोराने स्वतःच येऊन खिशातली चिठ्ठी सरांच्या हातावर ठेवली. सरांनी ती उघडून पाहिली नाही. पोराच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्याला जाऊ दिलं. ते मोठ्या कौतुकाने सांगत होते, तेव्हा मी म्हटलं, "सर, हा एक झाला. बाकीच्यांचं काय?" तर म्हणाले, "तुमच्या गोदावरीला तरी उगमापाशी किती पाणी असतं, बाई?" माझ्याच विषयात मला गप्प केलं. पुढे कितीतरी वर्षं ते वाक्य मी वर्गात माझं म्हणून वापरलं.

भाजी घेतानाही तेच. तराजूकडे बघायचेच नाहीत. भाजीवालीला नुसतं विचारायचे, "मावशी, इमान?" मावशी वैतागून म्हणायची, "जावा सर, तुमच्यामुळं मला मूठभर जास्तीच घालावं लागतंय." खेळात हरलेल्या पोरांना त्यांचं एक वाक्य ठरलेलं. "हरलेला माणूस घरी जाऊन जेवतो. खोटं बोलून जिंकलेला नुसता खातो." जेवणं आणि खाणं यातला हा फरक त्यांच्या सगळ्या पोरांना ठाऊक होता.

हा शब्द त्यांना कुठे सापडला, ते त्यांनी मला एकदा लातूरला जाताना एसटीत सांगितलं. शाळांचे सामने होते, आणि मुलींच्या संघाबरोबर बाई हवी म्हणून मला धाडलं होतं. सरांचं गाव देगलूरकडचं. घर गावाच्या कडेला.

"मला खेळायला घ्यायचे, कारण मी लई पळायचो. बॉल बाभळीत गेला की आणायला मीच. एक दिवस मी पळता पळता कॅच घेतला. गावातल्या मोठ्या घरचं पोरगं होतं बॅटिंगला. ते म्हणालं, टप्पा पडला. मी म्हणालो, न्हाई पडला. तर सगळे हसाय लागले. ह्याच्या बोलण्यावर जायचं का आता, म्हणाले. माझं खरंखोटं कुणी तपासलंच न्हाई, बाई. माझ्या बोलण्याला तोलायचा काटाच न्हवता त्यांच्याकडं."

सर खिडकीबाहेर बघत होते.

"तिथं लिंबाखाली एक टेलर चाचा मशीन घेऊन बसायचे. त्यांनी मशीनचं चाक थांबवलं आणि तिथूनच ओरडले, 'बच्चा इमान से बोल रा है. मान लेव.' त्यांना कुणी उलटून बोलत न्हवतं. ते पोरगं बॅट टाकून गेलं. आऊट तो झाला, पण मला वाटलं, आज मलाच काहीतरी मिळालं. त्या दिवशी माझा शब्द पहिल्यांदा कुणीतरी धरला, बाई."

मैदानाकडे पाठ करून बसणाऱ्या माणसाचं कोडं मला तेव्हा उलगडलं. ज्याचा शब्द घरोघरी चालतो त्याला शब्दाचं काय एवढं? सरांना तो मिळवावा लागला होता, आणि मिळालेला तो शब्द ते येईल त्या पोराला न मागता देऊन टाकत होते.

सरांच्या हाताखालून पुष्कळ पोरं गेली, पण जीव जडला तो दोघांवर. एक माधव. हदगावकडच्या खेड्यातला, शिकायला नांदेडला आला आणि सरांच्या घरीच राहिला. सरांच्या पत्नी सुमनताई, पोरांच्या काकू, त्यांना एक मुलगीच होती. माधव त्या घरातला मुलगा होऊन गेला. गोरा, हसरा, बडबड्या. चेंडू त्याच्या हाताला डिंकासारखा चिकटायचा. दुसरा बालाजी. वडील वीज मंडळात लाइनमन, लातूरहून बदली होऊन आलेले. तो बॅटिंग करायचा आणि बोलायचा नाही. तोंडी परीक्षेत शेवटी मीच कंटाळून त्याला पास करायची. दोघांची मैत्री अशी की एकाला ताप आला की दुसऱ्याची शाळा बुडायची.

एकदा जिल्ह्याची फायनल होती. समोरच्या संघाचा शेवटचा गडी, आणि माधवने पुढे झेपावून झेल घेतला. या सामन्याला बाहेरचे अंपायर होते, त्यांनी बोट वर केलं. आमची पोरं नाचायला लागली. माधव उठला, गुडघे झटकले आणि अंपायरकडे जाऊन म्हणाला, "न्हाई सर. टप्पा पडला." पुढच्याच षटकात आम्ही हरलो. मुख्याध्यापकांनी सरांना केबिनमध्ये बोलावून नको नको ते सुनावलं. सर बाहेर आले ते शीळ घालत. त्या संध्याकाळी सुमनताईंनी धपाटे आणि दही केलं, मलाही बोलावलं. सर माधवच्या ताटात स्वतः वाढत होते आणि पुन्हा पुन्हा म्हणत होते, "जेव, लेका. तू आज जेव." पुढे कितीतरी वर्षं घरी कुणीही आलं, की ही गोष्ट सांगितल्याशिवाय सर त्याला चहा देत नसत.

पोरं मोठी झाली, नांदेडबाहेर पडली. राज्यातल्या संघांची एक लीग निघाली होती, दिव्यांच्या झगमगाटात खेळायची, टीव्हीवर दिसणारी. दोघांनाही तिथे घेतलं, पण वेगवेगळ्या संघांनी. माधवचं बस्तान लवकर बसलं. बालाजीला बरेच दिवस बाकावरच बसवून ठेवलं होतं. शेवटी एकदा त्याला खेळायला मिळणार असं कळलं, आणि सामना नेमका माधवच्या संघाशी. पुढच्या वर्षी ठेवायचं की नाही ते या एका सामन्यावर ठरणार आहे, असं बालाजीने सरांना फोनवर सांगितलं होतं. वरच्या मोठ्या लीगची निवड करणारी माणसंही येऊन बसणार होती. संध्याकाळी आम्ही निम्मी शाळा सरांच्या घरात. सुमनताईंनी चिवडा केला होता. सर पहिल्यांदाच खेळाकडे तोंड करून बसले होते, आणि त्याचा त्यांना संकोच वाटत होता.

बालाजी सुंदर खेळत होता, असं सगळे म्हणत होते. मलासुद्धा ते दिसत होतं. मग त्याने एक चेंडू उंच मारला. माधव लांबून धावत आला, पुढे झेपावला, गवतावर घसरला आणि चेंडू उंचावत उठला. मैदानावरचे दोन्ही अंपायर एकमेकांकडे चालत निघाले. असं झालं की ते वरच्या, टीव्ही बघणाऱ्या अंपायरला विचारतात, असं शेजारच्या गणिताच्या सरांनी मला सांगितलं.

तेवढ्यात बालाजी दिसला. तो माधवकडे बघत होता आणि त्याचे ओठ हलले. टीव्हीवर आवाज आला नाही. साऱ्या महाराष्ट्राला ते कळलं नसेल, पण आमच्या त्या खोलीत प्रत्येकाला कळलं. मग माधव वाकला आणि त्याने उजवा हात गवताला लावला.

बालाजीने बॅट काखेत मारली आणि चालू लागला. बॅटवाला स्वतःच निघाला म्हटल्यावर अंपायर थांबले, एकाने बोट वर केलं. "बघा," सर म्हणाले. "बघा बाई, एवढ्या मोठ्या मैदानात!" बालाजी आऊट झाल्याचं दुःख होतंच, पण त्यांचा चेहरा उजळला होता. त्या टेलर चाचांनी मशीन थांबवलं त्या दिवशी तो असाच दिसला असेल.

मग जाहिरात लागली. ती संपेपर्यंत नवा गडी येऊन पुढचा चेंडूही खेळून झाला होता, आता मागे फिरायला वाट नव्हती. आणि तेव्हा टीव्हीवाल्यांनी तो झेल सावकाश करून दाखवला. चेंडू गवतात टेकला. चांगला टेकून वर आला आणि मग माधवच्या बोटांत गेला. मला क्रिकेट कळत नाही, तरी मला दिसलं. त्यांनी ते पुन्हा दाखवलं, मग दुसऱ्या बाजूने दाखवलं. टीव्हीवर बोलणारे हसत होते. एवढा भोळा खेळाडू आजच्या जमान्यात कसा, म्हणत होते. दुसरा म्हणाला, क्षेत्ररक्षकाचं प्रसंगावधान मानलं पाहिजे.

सर उठून अंगणात गेले. कढीपत्त्याच्या झाडाला नळी लावून पाणी घालू लागले. आळं भरलं, पाणी वाहून फाटकापर्यंत गेलं, तरी नळी तशीच. शेवटी सुमनताईंनी जाऊन ती त्यांच्या हातातून काढून घेतली. "अहो, पाणी बाहेर चाललंय," एवढंच त्या म्हणाल्या.

बालाजीला त्याच्या संघाने सोडलं. ज्याला स्वतःची विकेट सांभाळता येत नाही तो आमच्या काय कामाचा, असं कुणीतरी त्याच्या तोंडावर म्हणालं म्हणे. माधवचं मोठ्या लीगमध्ये नाव आलं. नांदेडमध्ये त्याचे फलक लागले, हार घातलेले. सत्काराला सर गेले नाहीत. मग माधवच घरी आला. सुमनताईंना मदत करायला म्हणून मी तिथे होते. गाडी लांब उभी करून तो चालत आला होता. सरांच्या पाया पडला आणि तसाच जमिनीवर बसला.

"सर, रागावलात?"

"न्हाई."

"तिथं तसंच चालतं, सर. सगळेच करून राहिलेत. अंपायर हायत की बघायला. त्यांनी बघितलं न्हाई तर माझी काय चूक?"

"अंपायरनं तुला इचारलंच न्हाई, माधव. तुला बालाजीनं इचारलं."

"ते मैदान आपलं न्हवतं, सर."

"शब्द तर आपला होता."

माधवने मान खाली घातली. मग म्हणाला, "हात आपोआप खाली गेला, सर. खरंच सांगतो. सवयीनं गेला. मला वाटलं बालाजी थांबेल, वरून बघतील, काय ते होईल. तर तो चालायच लागला. सगळं मैदान ओरडत होतं. तिथून त्याला परत कसा बोलवू?" आणि तो रडायला लागला. मला त्याला चांगलं फैलावर घ्यायचं होतं, मनात वाक्यं जुळवून ठेवली होती. पण लहानपणी ताप आल्यावर रडायचा तसाच तो रडत होता.

सर म्हणाले, "ऊठ. जेवून जा." सुमनताईंनी ताट वाढलं. धपाटे होते, दही होतं. माधवने घास हातात घेतला, सरांकडे पाहिलं आणि तो घास काही त्याला तोंडात घालता येईना. "काकू, पुरे," म्हणून तो उठला. पाटावर भरलेलं ताट तसंच राहिलं. सुमनताई ते कितीतरी वेळ उचलायलाच तयार नव्हत्या.

त्यानंतरच्या सोमवारी मी वर्गाच्या खिडकीतून बाहेर पाहिलं आणि मला सर ओळखूच आले नाहीत. डोक्यावर पांढरी टोपी घालून ते स्टंपमागे उभे होते, मैदानाकडे तोंड करून. पोरांना त्यांनी सांगितलं होतं, आजपासून इमान बंद. अंपायर म्हणेल ते. पोरं बावरली, मग दोन-चार दिवसांत सरावली. झेल घेतला की हात वर करून ओरडायला लागली. टप्पा पडला तरी ओरडायची, सरांच्या नजरेतून सुटतंय का ते बघायची. त्यांना बोल कसा लावणार? मला शिकवताना तो गोंगाट सोसेना, मी खिडकी लावून घेऊ लागले. परीक्षेत सर बाकांमधून फिरू लागले. मुख्याध्यापक खूश झाले. बाजारात भाजीवालीच्या तराजूचा काटा सर वाकून बघताना मला दिसले, आणि मावशी त्यांच्याकडे अशी बघत होती की जणू घरातलं कुणी परकं झालंय.

मी भांडले त्यांच्याशी. म्हटलं, "एका पोराने खोटं केलं म्हणून तुम्ही सगळ्यांचं काढून घेतलंत?"

"माधवचं सोडा," सर म्हणाले. "त्यानं काय केलं ते त्याचं त्याला ठावं. पण बालाजी कामून गेला, बाई? मी शिकवलं म्हणून गेला. डोळे होते त्याला, ते मी बांधले. मोठ्या बाजारात आंधळं लेकरू धाडलं मी." मी भूगोलाची बाई, मला एवढंच कळत होतं की हा माणूस आतून आटत चाललाय.

सर निवृत्त झाले आणि लातूरला मुलीकडे राहायला गेले. बालाजीही लातूरलाच होता. शिकवणीच्या क्लासला येणाऱ्या मुलांचं एक वसतिगृह, तिथे तो देखरेखीला. डॉक्टर-इंजिनिअर व्हायला आलेली ती पोरं पहाटेपासून पुस्तकात डोकं घालून बसतात. संध्याकाळी थोडा वेळ बालाजी त्यांना मागच्या अंगणात खेळायला काढायचा. तो सरांकडे यायचा, आणि तो आला की सर आतल्या खोलीत डोळे मिटून पडून राहायचे. सुमनताई फोनवर सांगून रडायच्या.

माझ्या भाचीच्या मुलीला क्लासला घालायला म्हणून मी लातूरला गेले, तेव्हा सरांकडे गेले. सर वाळले होते. केसांना खोबरेल तेवढं तसंच. दारात पाण्याचे ड्रम भरून ठेवलेले, त्यांच्या आडोशाला खुर्चीत बसले होते. मी म्हटलं, "उठा. शर्ट घाला. आपल्याला बालाजीकडे जायचंय." ते नको म्हणाले. "मी विचारत नाहीये," मी म्हटलं. चाळीसएक पोरांचा वर्ग सांभाळलेली बाई मी, एका म्हाताऱ्या मास्तरला काय ऐकते?

बालाजीने आम्हाला पाहिलं आणि धावतच प्लॅस्टिकची खुर्ची आणली. सरांना बसवलं. फरशीचं ते बारकं अंगण, भोवती उंच भिंती, रबरी चेंडू. पोरं खेळत होती. एकाने उंच मारला, दुसऱ्याने नळाजवळ झेलला, आणि एकदम सगळं शांत झालं.

"इमान?"

त्या पोराने वाकून फरशीला हात लावला. "इमान."

बॅटवाला निघाला. सर खुर्चीत पुढे सरकले. "बालाजी," ते म्हणाले, "हे काय लावलंस रे? तुझं वाटोळं झालं ते कमी हाय का? पोरांना बघायला शिकीव. मी तुला बघू दिलं न्हाई. शब्दापायी आंधळा केला तुला."

बालाजी त्यांच्यापुढे उकिडवा बसला. "मी आंधळा न्हवतो, सर," तो म्हणाला. "मला दिसला होता टप्पा."

सरांनी मान वर केली.

"बॉल गवतात टेकलेला मी बघितला. लख्ख. म्हणून तर इचारलं. त्याला न्हाई म्हणता यावं म्हणून इचारलं."

"मग गेलास कशाला? उभं राहायचं की! अंपायर होते, कॅमेरे होते."

"त्यानं जमिनीला हात लावला, सर. त्यापुढं इचारायचं नसतं."

बालाजी एवढं एका वेळी बोललेला मी पहिल्यांदाच ऐकत होते. सरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. ते रडत होते आणि ते पुसायचंही त्यांच्या ध्यानात नव्हतं. "लई नुकसान झालं रे तुझं," ते म्हणाले.

"हाव, सर. झालं. अजून बी मॅच लागली की मी टीव्ही बंद करतो."

तो उगीच मोठेपणा करत नव्हता. मला दोघांचाही राग आला आणि दोघांनाही जवळ घ्यावंसं वाटलं. बाकी काही करता येण्यासारखं नव्हतं. पोरांना आमच्याशी काही देणंघेणं नव्हतं, त्यांचा खेळ चालूच होता. तेवढ्यात पुन्हा एक झेल उडाला, अगदी सरांच्या समोर, जमिनीलगत. बॅटवाला पोरगा सरांकडे वळून म्हणाला, "आजोबा, तुम्ही बघितलं ना? टप्पा पडला ना?"

सर उठले. गुडघ्यांवर हात ठेवून, सावकाश. बालाजी पुढे झाला, पण त्याला त्यांनी हाताने थांबवलं. खुर्ची स्वतः उचलली, वळवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

मला नांदेडची गाडी गाठायची होती. फाटकातून मागे वळून पाहिलं, तेव्हा मला सरांची पाठ दिसली. त्या पाठीमागे ते पोरगं क्षणभर घुटमळलं, मग झेल घेतलेल्याकडे वळून त्याने विचारलं, "इमान?" रस्त्यावरच्या रिक्षांच्या आवाजात उत्तर काय आलं, ते मला ऐकू आलं नाही. सर मान खाली घालून ऐकत होते.